अनामिका

गेल्या वैशाखात मिरजेला चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. दुपारची शेवटची पंगत उठली होती, मठ्ठ्याची पिंपं तळाला गेली होती, आणि कार्यालयातली यच्चयावत माणसं आपापल्या खुर्च्या पंख्याखाली ओढून सुस्तावली होती. भिंतीकडेला माझे तबल्याचे मास्तर दिसले. केस पांढरेशुभ्र झालेले, अंगानं अर्धे राहिलेले, पण बसण्याची ढब तीच, पाठ ताठ आणि खांदे सैल. मांडीवर दोनेक वर्षांचा नातू पालथा झोपलेला. पाया पडायला म्हणून मी निघाले आणि चार पावलं अलीकडेच थबकले. मास्तर डोळे मिटून नातवाला थोपटत होते. पण ते थोपटणं नव्हतं. आजी-आजोबा थोपटतात तो अख्ख्या तळव्याचा, झोपाळू, एकसुरी थाप-थाप प्रकारच नव्हता तो. बोटं सुटी सुटी पडत होती. तर्जनी बाहेरच्या बाजूला, मधलं बोट किंचित उचललेलं, आणि अनामिका पोराच्या झबल्यावर अलगद, सरळ, टेकलेली. मी नकळत मोजायला लागले. सोळा मात्रा. खालीला डावा हात उचलला गेला, भरीला पुन्हा पडला. मास्तर नातवाच्या पाठीवर तीनताल वाजवत होते, आणि उजव्या हाताचं तिसरं बोट जिथं असायला हवं तिथं होतं.

ते बोट तर पंचवीस वर्षांपूर्वीच गेलं होतं.

मी पाया पडले, मास्तरांनी डोळे उघडले, “कोण गं तू? अगं बया, केवढी झालीस!” वगैरे झालं. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, पोळ्या कशा कडक होत्या ते सांगितलं. मी पुण्याला परत आले. पण ते बोट काही डोक्यातून जाईना. ऑफिसात कीबोर्डवर हात ठेवला की माझंच तिसरं बोट मला दिसायला लागायचं.

मास्तरांचा क्लास सतारमेकर गल्लीच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर होता. लाकडी जिना, सातव्या पायरीचा आवाज व्हायचा. खालच्या दुकानात तंबोऱ्यांची कामं चालायची, त्यामुळे वर सदैव लाखेचा आणि स्पिरिटचा वास. खिडकीतून समोरच्या गच्चीवर पालथे घातलेले वाळके भोपळे दिसायचे. मला लहानपणी ते टकलांची सभा भरल्यासारखे वाटायचे. दिवसभर कुणी ना कुणी जव्हारी काढत असायचं, म्हणजे एकच तार पन्नास वेळा छेडायची, सूत किंचित सरकवायचं, पुन्हा छेडायची. त्या झणझणाटावर आमचे तबले. आठ-नऊ मुलगे आणि मी एकटी मुलगी. शहाबादी फरशीवर सतरंजी, कोपऱ्यात हातांना लावायला पावडरचा डबा, आणि मास्तरांची हातोडी. तिचा उपयोग फक्त गठ्ठ्यांवर व्हायचा असं नाही, फरशीवर आपटून ठेका धरायलाही व्हायचा.

पहिले सहा महिने मास्तरांनी मला ‘ना’ या एका बोलाच्या पुढं जाऊ दिलं नाही. मुलगे तिरकिटवर पोचले तरी मी आपली ना ना ना ना. ‘ना’ दिसायला सोपा. तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर पडते. पण तो खरा वाजतो तो तिसऱ्या बोटामुळं, मधल्या काळ्या शाईच्या कडेला नुसतं टेकून राहिलेल्या, काहीच न करणाऱ्या बोटामुळं. “टेकव, दाबू नको,” मास्तर दिवसातून शंभरदा म्हणायचे. दाबलं तर आवाज मरतो, उचललं तर भलताच आवाज येतो. “तिनं काही करायचं नाही, फक्त असायचं.” हे सांगताना ते स्वतःचा हात माझ्या डोळ्यांसमोर धरायचे. उजवा हात जाडसर, तर्जनीच्या कडेला घट्टा, आणि अनामिका मात्र एखाद्या बाईच्या बोटासारखी निमुळती.

पुढं बी.एस्सी.ला असताना एका जाड पुस्तकात सी. व्ही. रामन भेटले. नोबेलच्या दहा वर्षं आधी, १९२० साली, कलकत्त्यात बसून त्यांनी तबला-मृदंगावर ‘नेचर’मध्ये टिपण लिहिलं होतं. कुठल्याही साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे स्वर एकमेकांशी पटत नाहीत, म्हणून ढोल गाजतो पण गात नाही. आपल्या कारागिरांनी मधोमध शाईचे थर चढवले आणि ती भांडणारी सुरावळ पूर्णांकांच्या हिशेबात आणून बसवली. आणि ते टेकलेलं बोट? ते कातड्याच्या मूळ कंपनाला अडवतं. बोट जिथं आहे तिथून एक न हलणारी रेघ कातड्यावर आखली जाते, खालचा घुमारा बंद होतो आणि वरचा स्वच्छ स्वर मोकळा होतो. बोट उचला, घुमारा परत. ‘ना’ वाजवायला गेलात तर ‘तूं’ वाजतो. सहा महिने मला रडवणाऱ्या बोटाचं असं पान-दीड पानाचं समर्थन छापून आलेलं बघून मला मास्तरांना पत्र लिहावंसं वाटलं होतं. लिहिलं नाही. तोवर मास्तरांचा ‘ना’ जाऊन पाच वर्षं झाली होती.

तो एका दिवसात गेला नाही. मी नववीत होते, प्रवेशिका पूर्णची परीक्षा तोंडावर. मास्तर अडतिशीचे, हात ऐन भरात. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात साथीला त्यांना बोलावणी यायची. उरुसातल्या संगीतसभेत एका वर्षी त्यांना चांगली जागा मिळाली होती, म्हणजे पहाटेची, आणि पुढच्या वर्षी त्याहून चांगली मिळायची होती. म्हणून त्यांनी रियाज वाढवला होता. पहाटे चारला बसायचे ते साडेसातला आम्ही गेलो तरी घामानं डबडबलेले असायचे. त्या पावसाळ्यात कधीतरी द्रुतमध्ये त्यांचा ‘ना’ मधूनच घुमायला लागला. एखाद्या चांगल्या गवयाचा आवाज एकाच स्वरावर चिरकावा तसा. मास्तर थांबायचे, पुडी तपासायचे, हातोडी घ्यायचे. दमट हवा आहे, वादी सैल पडली असेल. दुसरा तबला काढायचे. त्यावरही तेच. मग आम्हाला दिसायला लागलं. तर्जनी पडली की तिसरं बोट शाईवरून सुटून तळव्याकडं वळायचं, शंखात शिरणाऱ्या गोगलगायीसारखं. दुखत नव्हतं. सुजलं नव्हतं. फक्त ऐकत नव्हतं. एक दिवस त्यांनी वादीच्या पातळ पट्टीनं अनामिका आणि करंगळी एकत्र बांधून वाजवायचा प्रयत्न केला. आम्ही माना खाली घालून आपापल्या तबल्याकडं बघत बसलो.

मग सगळ्यांनी सल्ले दिले. रियाज कमी पडतोय. रियाज करायची पद्धत चुकतेय. कुणाची तरी नजर लागली. साडेसाती आहे. मास्तरांच्या गुरुबंधूंनी चिल्ला करायला सांगितलं, चाळीस दिवस खोलीबाहेर पडायचं नाही, फक्त वाजवायचं. मास्तरांनी तेही केलं. तेविसाव्या की चोविसाव्या दिवशी काकूंनी दार उघडून आत जाऊन तबले उचलून माळ्यावर टाकले, असं म्हणतात. आणि दवाखाने! मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव, तसंच दवाखान्यांचंही गाव. वॅनलेस साहेबानं १८९४ साली मिशनचं रुग्णालय काढलं तेव्हापासून अर्ध्या कर्नाटकातली माणसं उपचारांसाठी इथं उतरतात. एका गल्लीत तंबोऱ्याची जव्हारी काढतात, पुढच्या गल्लीत हाडांचे फोटो. मास्तरांच्या हाताचेही काढले. सगळं ठीक. कॅल्शियमच्या गोळ्या, कसलंसं तेल, शेक. एका डॉक्टरांनी बोटं उघड-मीट करायला सांगितली, नाणं उचलायला सांगितलं, शर्टाचं बटण लावायला सांगितलं. सगळं झकास जमलं. “हात उत्तम आहे,” डॉक्टर म्हणाले. “मनावर घेऊ नका.”

हे मला माहीत आहे, कारण त्यांच्याबरोबर माझे वडील गेले होते. आणि घरी येऊन त्यांनी जेवताना ते आईला सांगितलं होतं, आणि आई म्हणाली होती, “चांगला हात आहे की मग. वहीत लिहितात किती सुरेख.” ते खरंच होतं. आमच्या वह्यांत मास्तर कायदे आणि रेले, म्हणजे तबल्याच्या रचना, लिहून द्यायचे, ते अक्षर म्हणजे मोती. पेन त्याच हातात, अनामिका निमूट खाली दुमडलेली. आणि मी, चौदा वर्षांची अतिशहाणी, दुसऱ्या दिवशी क्लासच्या जिन्यावर दोन मुलांना म्हणाले, “मास्तर नाटक करतायत. उरुसात वाजवायची भीती वाटते म्हणून.”

सातव्या पायरीचा आवाज झाला होता का, ते मला आजही नक्की आठवत नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, टाळेबंदीत, लिऑन फ्लायशर नावाचे अमेरिकन पियानोवादक ९२व्या वर्षी वारले. त्यांच्यावरचे लेख मी तेव्हा वाचले होते, तेही पूर्ण. पण डोक्यात काही जुळलं नव्हतं. जुळलं ते मिरजेच्या कार्यालयात, त्या झबल्यावर. फ्लायशर चौथ्या वर्षी शिकायला लागले, सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं. ३६ वर्षांचे असताना, क्लीव्हलंडच्या ऑर्केस्ट्राबरोबर रशियाचा दौरा ठरलेला असताना, उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी तळव्याकडं वळायला लागली. त्यांनी काय केलं असेल? रियाज वाढवला. हात आणखी बिघडला. पुढं त्यांनी दिसेल ते करून पाहिलं आणि मधल्या काळात फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवलं. असं संगीत असतं हेही मला माहीत नव्हतं. पहिल्या महायुद्धात पाउल विटगेनश्टाइन या पियानोवादकाचा उजवा हात गेला, त्यानं नामवंत रचनाकारांकडून एका हाताच्या रचना करून घेतल्या, रॅव्हेल या फ्रेंच रचनाकाराचा कॉन्चेर्टो त्यातलाच. युद्धात तुटलेल्या हातासाठी लिहिलेलं संगीत, न तुटलेल्या, न दुखणाऱ्या, नाणं उचलू शकणाऱ्या हाताच्या माणसाला पोटाशी धरायला उपयोगी पडलं. त्याशिवाय फ्लायशर शिकवायचे आणि ऑर्केस्ट्रा चालवायचे. दुखण्याचं खरं नाव कळायला त्यांना जवळजवळ तीस वर्षं लागली.

फोकल डिस्टोनिया. संगीतकारांपुरतं म्हणायचं तर म्युझिशियन्स डिस्टोनिया. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला होतो. बहुधा तिशी-चाळिशीत, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त, आणि ज्या हाताला त्या वाद्यावर जास्त बारीक काम पडतं त्याच हाताला. म्हणजे व्हायोलिनवाल्याचा डावा, गिटारवाल्याचा उजवा. फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांच्या ओठांनाही होतो. दुखत नाही. आणि तो फक्त त्याच कामापुरता असतो, हेच त्यातलं सगळ्यात क्रूर. पियानोवर वळणारं बोट टायपिंग करताना सरळ असतं. जागा बदला, स्पर्श बदला, काही वादकांनी तर हातात पातळ रबरी मोजा घालून बघितला, आणि बोट थोडा वेळ ऐकतं. थोडाच वेळ. मेंदूला फसवल्याचं कळलं की पुन्हा पूर्वपदावर. हे वाचताना मी लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. नाणं उचलता येतं, बटण लावता येतं, मोत्यासारखं लिहिता येतं, नातवाच्या पाठीवर तीनताल वाजतो. तबल्यावर मात्र नाही. डॉक्टरांनी ज्याला हात उत्तम असल्याचा पुरावा मानलं आणि मी ज्याला नाटकाचा पुरावा मानलं, ते त्या आजाराचं लक्षणच होतं.

आपल्या मेंदूत हाताचा एक नकाशा असतो. प्रत्येक बोटाला स्वतःची जागा, शेजारीशेजारी. जर्मनीत थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तंतुवाद्य वाजवणाऱ्या नऊजणांच्या मेंदूतल्या या जागा मोजल्या. तारांवर फिरणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांचा इलाखा इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि ज्यानं जितक्या लहानपणी वाद्य हातात घेतलं तितका मोठा. रियाज मेंदूवर लिहिला जातो याचा इतका सरळ दाखला ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही उस्तादांनी “ते आम्हाला ठाऊकच आहे” म्हटलं असतं. पण तीन वर्षांनी त्याच एल्बर्टनी डिस्टोनिया झालेल्या वादकांचे मेंदू तपासले. तिथं बोटांच्या जागा एकमेकींवर चढल्या होत्या. मधले बांध वाहून गेल्यासारखे. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात नॅन्सी बिल आणि मायकल मर्झेनिक यांनी माकडांना एक दांडी पुन्हा पुन्हा, अतिशय झरझर आवळायला शिकवलं होतं. महिनोन्‌महिने तेच केल्यावर त्यांच्याही मेंदूतली बोटं एकमेकांत मिसळली आणि हात बिघडला. एक बोट हलवायचं तर मेंदूला शेजारच्या बोटांना गप्प बसवावं लागतं. या आजारात ते गप्प बसवणंच कमजोर पडतं. तर्जनी बोलली की अनामिकाही बोलते. “तिनं काही करायचं नाही, फक्त असायचं.” नेमकं तेच तिला जमेनासं होतं.

आमच्याकडं याला दुसरा शब्द आहे. आमचं शेत मिरजेपासून कृष्णेकडं जाताना लागतं. आजोबांच्या वेळी कोरडवाहू, शाळू-हरभऱ्याचं. मग नदीतून पाणी उपसणारी लिफ्ट आली, पाणी आलं, ऊस आला. पहिली काही वर्षं असा ऊस यायचा की माणूस आत गेला तर सापडू नये. काळी जमीन, दिलं तेवढं पाणी पिणारी. म्हणून आणखी दिलं. खालचा क्षार हळूहळू वर आला, आणि एका उन्हाळ्यात बांधालगत पांढरी बुकटी धरली. आता तिथं कुसळही धड उगवत नाही. क्षारपड. कृष्णाकाठी अशी किती रानं आहेत, विचारू नका. आजोबा त्या पांढऱ्या तुकड्यात उभे राहून म्हणाले होते, “ह्या जमिनीला पाणी कमी न्हाई पडलं. तिला कुणी थांब म्हणून न्हाई सांगितलं.” आणि तरी शेजारचे म्हणायचे की पाण्याची पाळी चुकली असेल, म्हणून पाणी कमी पडलं.

अर्थात ही उपमा तिरकी आहे, हे मलाही कळतं. त्याच पाण्यावर शेजारची रानं हिरवीगार आहेत. मास्तरांइतकाच रियाज करून कितीतरी तबलजी ऐंशीव्या वर्षी धिरधिर वाजवतायत. रक्तात काही असावं लागतं. काही वादकांच्या घराण्यांत आणखी कुणालातरी हा आजार सापडतो. स्वभावातही काही असावं लागतं. एखादी चूक झाली की रात्रभर तीच घासत बसणाऱ्या, आतून ताणलेल्या माणसांकडं हा जास्त फिरकतो असं हानोफरचे डॉक्टर एकार्ट आल्टेनम्युलर सांगतात. हे गृहस्थ मेंदूचे डॉक्टर आणि शिकलेले बासरीवादकही. हानोफरच्या संगीत विद्यापीठात फक्त वादकांच्या दुखण्यांसाठी एक संस्था आहे आणि ती त्यांनी कित्येक वर्षं चालवली. मला त्या वाक्यापाशी अडखळायला झालं. एक अख्खी संस्था. वादकांच्या दुखण्यांसाठी. म्हणजे तिथं जिना चढून जायचं, वाद्य पेटीतून काढायचं आणि डॉक्टरसमोर वाजवायचं. मास्तरांना एकाही डॉक्टरांनी तबला घेऊन या, असं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्या काळात इथं कुणाला काय कळलं असतं कोण जाणे. पण निदान ‘हात उत्तम’ तरी म्हणाले नसते.

पूर्वीही हे होतंच. एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार शूमान विशीत असताना त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. त्यानं बोट ताणायला एक यंत्र वापरलं, ते उपयोगी पडलं नाही. मग तेव्हाच्या डॉक्टरी सल्ल्यानं कापलेल्या जनावराच्या उबदार पोटात हात बुडवून बसायचे उपचार केले. हे वाचून मला किळस आली नाही. मला काकूंनी दर गुरुवारी दर्ग्यात चढवलेली चादर आणि मास्तरांच्या हाताला बांधलेला गंडा आठवला. शूमान शेवटी पियानोवादक झालाच नाही, रचनाकार झाला, आणि जगाचं काही बिघडलं नाही असं आपण दीडशे-दोनशे वर्षांनी आरामात म्हणू शकतो. त्याला स्वतःला त्या पोटात हात घालून बसल्यावर काय वाटत होतं, ते वेगळं.

आजही खात्रीचं औषध नाही. वळणाऱ्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, लग्नाआधी कपाळावरच्या आठ्या घालवायला लोक घेतात तेच. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही, दोन-तीन महिने असर राहतो, मग पुन्हा सुई. फ्लायशरना त्याचा उपयोग झाला. सोबत खोल मालिशीचे प्रकारही होतेच. नव्वदीच्या दशकात ते हळूहळू दोन हातांनी वाजवायला लागले, आणि २००४ मध्ये दोन हातांचं ध्वनिमुद्रण आलं. मी ते ऐकलं. मला पियानोतलं फारसं कळत नाही. पण सुरुवातीच्या बाखच्या रचनेत उजवा हात ज्या जपणुकीनं येतो, गुळगुळीत फरशीवर म्हातारं माणूस पाऊल टाकतं तसा, ते ऐकून मला वाटलं की हा माणूस प्रत्येक स्वराआधी बोटाला विचारतोय, येतोस ना? किंवा हे सगळं मला माहीत होतं म्हणून तसं ऐकू आलं असेल. दुसरा मार्ग म्हणजे सगळं पुसून नव्यानं शिकायचं, अतिशय हळू, बोट वळायला लागेल त्याच्या जरा अलीकडच्या लयीत. महिने, कधी वर्षं. पहिल्या दिवसाचा ‘ना’.

मला चीड येते ती आपल्या कथांची. आपल्याकडं रियाजाच्या दंतकथा किती! शेंडी खुंटीला बांधून रात्रभर वाजवणारे, बोटांतून रक्त आलं तरी न थांबणारे, बायकोचं बाळंतपण होऊन गेलं तरी खोलीबाहेर न आलेले. प्रत्येक गुरूकडं एक तरी. त्या सांगताना त्यांचे डोळे चमकतात आणि ऐकताना आमचेही चमकायचे. पण जो हात थांबला त्याची कथा कुणी सांगत नाही. तो नुसता मैफिलीच्या यादीतून गळतो. “हल्ली ते शिकवतात.” एवढ्या एका वाक्यात किती हात पुरले असतील! अमेरिकेत १९८० च्या दशकात ४८ ऑर्केस्ट्रांतल्या दोन हजारांवर वादकांना विचारलं होतं, तर शंभरात ७६ जणांनी वाजवण्यावर परिणाम होईल असं निदान एक तरी मोठं दुखणं असल्याचं लिहून दिलं. त्यांनी लिहून दिलं, कारण त्यांना विचारलं गेलं. आणि बहुधा नाव लिहायचं नव्हतं म्हणूनही. आपल्याकडं साथीदाराला कोण विचारणार? पुढच्या महिन्याची सुपारी गेली म्हणजे? मास्तरांनीही सहा महिने बोट लपवलं होतं. ‘ना’ टाळून तीच मात्रा दुसऱ्या बोलानं भरायचे. किती अवघड असतं ते, वाजवणाऱ्यालाच कळेल.

संस्कृतात सगळ्या बोटांना नावं आहेत. ह्या एकीचं नाव मात्र ‘नाव नसलेली’.

श्रावणात मी मुद्दाम मिरजेला गेले. पिशवीत पेढ्यांचा पुडा आणि चार छापील पानं. गल्ली तशीच होती, फक्त खाली तंबोऱ्यांबरोबर काचेच्या कपाटात इलेक्ट्रॉनिक तानपुरे आले होते. सातवी पायरी दुरुस्त झाली होती. मास्तर खिडकीत बसले होते, नातू फरशीवर हातोडीशी खेळत होता. चहा झाला. पाऊस, शेत, माझी नोकरी झाली. मग मी म्हटलं, “मास्तर, तुमच्या बोटाला काय झालं होतं ते मला कळलंय बहुतेक.” बोलल्याबरोबर वाटलं, काय गरज होती. पंचवीस वर्षांनी एखाद्याच्या घरी जाऊन त्याच्या मेलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण सांगावं तसं. तरी सांगितलं. नाव सांगितलं, बांध फुटल्याचं सांगितलं, फ्लायशर सांगितले, शंभरात एक सांगितलं. मास्तर पूर्ण वेळ माझ्याकडं न बघता उजव्या हाताकडं बघत होते.

“नाव आहे होय त्याला?” एवढंच म्हणाले. मग खुंटीवरच्या शर्टातून पेन काढलं, पानाच्या कोपऱ्यावर देवनागरीत, त्याच अक्षरात लिहिलं, आणि मला दाखवलं. बरोबर आहे का म्हणून. डिस्टोनिया. स-ला ट असा जोडायचा की वेगळा, यावर आम्ही दोघं थोडा वेळ बोललो.

बोलल्या त्या काकू. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. “मग त्या चाळीस दिवसांत जास्तच बिघडलं असेल की हो,” त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. “मी आधीच उचलायला पाहिजे होते तबले.” मास्तर म्हणाले, “तू उचललेस की.” “उशिरा उचलले.” आणि आत गेल्या. लाटण्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मला त्या क्षणी ती चार पानं परत पिशवीत घालावीशी वाटली. नाव मिळालं की ओझं उतरतं असं मी समजून चालले होते. इथं ते एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं.

जिन्यावरचं वाक्य सांगायचं ठरवून गेले होते. “मास्तर, मी एकदा तुमच्याबद्दल—” मी सुरुवात केली. “तू लई बोलायचीस,” ते म्हणाले आणि हसले. म्हणजे ऐकलं होतं की नव्हतं? मी पुढं विचारलं नाही.

लग्नातलं मात्र विचारलं. पोराच्या पाठीवर बोट सरळ कसं राहतं? “राहतं होय?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. नातवाला उचलून मांडीवर पालथं घातलं. तो खुशीत होता, त्याला वाटलं खेळ आहे. मास्तरांनी हात ठेवला. धा धिं धिं धा. आम्ही दोघं त्या अनामिकेकडं बघत होतो, देवघरातल्या निरांजनाकडं बघावं तसं, हवा न लागू देता. दोन आवर्तनं ती जागची हलली नाही. तिसऱ्याला मास्तरांच्या कपाळावर आठी आली, आणि बोट किंचित, अगदी किंचित, आत वळलं. “बघितलं की असं करतं,” ते म्हणाले. “तुझ्यामुळं बघितलं.” रागानं नव्हे. पोराच्या पाठीला त्याचं काही नव्हतं. तिथून ना आला काय नि तूं आला काय, आवाज सारखाच, मऊ.

खालून कुणीतरी हाक मारली, तंबोऱ्याची जव्हारी ऐकायला. त्यासाठी अजून मास्तरांचेच कान लागतात. “धर जरा,” म्हणून त्यांनी नातू माझ्या मांडीवर दिला. पेंगुळला होता, अंग गरम, मानेला पावडरीचा वास. मी थोपटायला लागले. आधी तळव्यानं. मग कुठून कोण जाणे, बोटं सुटी झाली. मास्तर दारापाशी चप्पल शोधत होते, पाठमोरे. वळलेही नाहीत.

“टेकव,” ते म्हणाले. “दाबू नको.”